तळाशी जाम झालेला पिस्टन

बायकोला, नुर्मेदाला, माती देऊन आल्यावर जारामेन दामानिक बरेच दिवस रांबुतानच्या झाडाखालच्या गाडीकडे फिरकलाच नाही. घरात माणसांची ये-जा होती. चर्चमधल्या बायका भाताची आणि मासळीची भांडी ठेवून जायच्या, पाद्री येऊन प्रार्थना करून जायचा. बाताम बेटावरच्या कारखान्यात असलेली मुलगी रजा संपेपर्यंत राहिली आणि डोळे पुसत बसमध्ये चढली. मग घर एकदम रिकामं झालं. त्या रिकाम्या सकाळी जारामेन उठला, कॉफी करायला गेला, साखरेचा डबा सापडेना म्हणून ती तशीच कडू प्यायला, आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून अंगणात गाडीपाशी येऊन उभा राहिला.

गाडी म्हणजे जुनी बीएसए मोटरसायकल. गोऱ्या सैन्याने लढाईनंतर मागे टाकलेली, पुढे कुणीतरी बाजूला टप असलेली पेटी जोडून तिची बेचाक, म्हणजे भाड्याची सवारी-गाडी, केलेली. सियांतार गावच्या रस्त्यांवर एके काळी अशाच गाड्या धडधडत असत. आता बऱ्याच जणांनी जपानी इंजिनं बसवून घेतली होती, काहींनी तर धंदाच सोडला होता. जारामेनने मात्र इंजिन बदललं नव्हतं. रोज पहाटे नुर्मेदा भाजीच्या टोपल्या पेटीत रचायची, वर स्वतः बसायची आणि म्हणायची, "हं, चला." तिला बाजारात सोडलं की त्याचा दिवस सुरू व्हायचा. संध्याकाळी त्याच पेटीतून ती उरलीसुरली पालेभाजी घेऊन परत यायची.

ही गाडी तिच्याच जमिनीच्या पैशांतून आली होती. लग्नात बापाने तिला तळ्याकाठची एक पट्टी दिली होती. ती विकून गाडी घ्यायची कल्पना तिचीच होती. पण हारांगाओलला, तिच्या माहेरी, ते कुणाच्या गळी उतरलं नाही. थोरला भाऊ तुआहमान पुर्बा चारचौघांत म्हणायचा, आमच्या बापाची जमीन सियांतारच्या रस्त्यावर धूर काढत फिरते. जारामेन हसून सोडून द्यायचा. बायकोच्या माहेरच्या माणसापुढे आवाज चढवायचा नाही, हे तो लहानपणापासून शिकला होता.

मूत्रपिंडं गेली म्हणून तिला मेदान शहरातल्या इस्पितळात नेलं तेव्हा त्याने घाईघाईने गाडीवर ताडपत्री टाकली होती. महिन्यामागून महिने तिथेच गेले. ताडपत्री कधीतरी वाऱ्याने उडाली, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि सियांतारचा पाऊस तर कुणाची वाट बघत नाही. कार्बोरेटरचं तोंड किती तरी वर्षं उघडंच होतं. चालत्या गाडीला त्याने काही होत नाही. उभ्या गाडीत पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं.

जारामेनने किकवर पाय ठेवला. किक हलली नाही. त्याने अंगाचा सगळा भार टाकला, तरी भिंतीवर पाय द्यावा तशी ती होती तिथेच राहिली. मग गिअर टाकून त्याने गाडी मागे-पुढे ढकलून पाहिली. मागचं चाक जमिनीवर घासत गेलं, फिरलं नाही. तो पेटीच्या काठावर टेकला.

दुपारी सिहोल आला. हाही बेचाकवालाच, वयाने धाकटा, तोंडाने फटकळ. त्याने वाकून बघितलं, नाकाने हुंगलं आणि सांगितलं की आत सगळं गंजून एक झालंय, आता हे भंगारात घाला आणि जपानी इंजिन टाका. वर म्हणाला, "दादा, म्हातारीला सोडा आता. ती सुटायच्या आधी तुमचेच गुडघे जाम व्हायचे."

"आधी उघडून तर बघू," जारामेन म्हणाला.

दोन दिवसांनी तुआहमान आला, कांद्याची पिशवी आणि तळ्यातले मासे घेऊन. बहिणीच्या घरी कोण काय खातंय, दिवा लागतो की नाही, हे बघायला आलो म्हणाला. तो मोठ्या हाडापेराचा माणूस होता. कांद्याच्या वाफ्यात राबून हात फावड्यासारखे झालेले. आल्या आल्या तो बहिणीच्या खोलीत गेला, खुंटीवरच्या तिच्या शालीला हात लावला आणि बाहेर आला. अंगणात जारामेनने गाडी ठोकळ्यांवर चढवली होती आणि पाने मांडून ठेवले होते.

"दाजी, हे नुर्मेदाचं आहे," तुआहमान म्हणाला. "असं कुजत नाही ठेवायचं."

"कुजवत नाही. उघडतोच आहे."

"मग मी थांबतो. मला यातलं कळत नाही काही. पण दोन हात जास्त."

जारामेनला खरं तर एकट्यानेच काम करायचं होतं. पण मेहुण्याला जा कसं म्हणणार? त्याने दुसरा पाट आणून ठेवला.

पहिल्या दिवशी इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढायचं होतं. बोल्टांच्या मुळाशी गंज लालभडक फुलला होता. जारामेनने प्रत्येक बोल्टाभोवती रॉकेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून सोडलं, ते मुरू दिलं, मग बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलक्या टिचक्या मारल्या. पाना लावून थोडं सोडायचं, पुन्हा आवळायचं, पुन्हा थोडं सोडायचं. तुआहमानला हे मागे-पुढे करणं समजेना. सोडायचा असेल तर सोड ना, आवळतोस कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. जारामेनने सांगितलं की गंजलेला बोल्ट हट्टी असतो, त्याच्याशी जबरदस्ती केली की तो मान मोडून घेतो. तरी एकाने मोडून घेतलीच. बाकीचे निघाले.

हेड उचललं तेव्हा आत चहासारखं तपकिरी पाणी साचलेलं दिसलं. ते फडक्याने टिपून काढल्यावर सिलिंडरची भिंत दिसली. कधीकाळी आरशासारखी असायची, आता तिच्यावर खवले आले होते. आणि पार तळाशी, विहिरीत दगड बसावा तसा, पिस्टन बसला होता.

जारामेनच्या तोंडातून शीळ निघाली. पिस्टन मध्येच कुठे अडकला असता तर थोडं सोपं होतं. हा सगळ्यांत वाईट जागी अडकला होता.

"वरून ठोकला तर?" तुआहमानने विचारलं.

"कुठे जाईल तो? त्याच्याखाली दांडा सरळ उभा आहे आणि दांड्याखाली सगळं इंजिन. खाली जायला जागाच नाही. घाव बसला तर तो थेट खालच्या ॲल्युमिनियमवर बसणार." त्याने दोन्ही हातांनी दाखवलं. "पिस्टन आहे तिथेच ठेवायचा आणि सिलिंडर त्याच्यावरून वर ओढून काढायचा. सुजलेल्या पायातून बूट काढतात तसा. हळूहळू."

बोलून गेल्यावर त्याला नुर्मेदाचे सुजलेले पाय आठवले. तुआहमान खाली बघत होता.

त्या दिवशी त्यांनी सिलिंडर तोंडापर्यंत रॉकेल-तेलाने भरून ठेवला. बाजूचे दोन व्हॉल्व्ह होते, त्यातला एक उघडाच अडकला होता. त्याच्या दांड्याशी तेल सोडत, लाकडी मोगरीने टिचक्या मारत, पक्कडीने इकडून तिकडे किंचित फिरवत जारामेन बसला. बऱ्याच वेळाने टुक असा आवाज झाला आणि व्हॉल्व्ह आपल्या जागी जाऊन बसला. तुआहमान मोठ्याने हसला. बहीण गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असावा, कारण हसल्यावर स्वतःच दचकून गप्प झाला. पण जारामेनला बरं वाटलं. एक हललं, म्हणजे दुसरंही हलेल. रात्री त्याला झोप लागली.

पुढचे दिवस असेच गेले. सिलिंडरच्या बुडाशी असलेले नट तापवून सोडवले. मग जारामेन ब्लोलॅम्पची ज्योत सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पंख्यांवरून फिरवायचा, लोखंड तापून फुगलं की आत तेल उतरू द्यायचा, आणि सिलिंडर आणि त्याखालचं ॲल्युमिनियमचं बूड यांच्या फटीत लाकडाच्या बारीक पाचरी बसवायचा. एक समोरून, एक मागून, एक या बाजूने, एक त्या बाजूने. सगळीकडे सारखा ताण हवा, नाहीतर पंखे बिस्किटासारखे तुटतात. पाचर मोगरीने टिचकवायची आणि थांबायचं. तेल ओतायचं आणि थांबायचं. या थांबण्यात तुआहमानचा जीव जायचा. वाफ्यात तो दिवसभर वाकू शकायचा, पण हातावर हात ठेवून बसणं त्याला जमत नव्हतं. तो अंगण झाडायचा, लाकडं फोडायचा, पुन्हा येऊन बघायचा आणि विचारायचा, "हललं?"

एका दुपारी कॉफी पिताना त्याने विचारलं, "तिचे पाय कधीपासून सुजत होते?"

जारामेनने कप खाली ठेवला. "आदल्या नाताळपासून."

"आणि मेदानला कधी नेलंत?"

"ईस्टर झाल्यावर."

तुआहमानने मनातल्या मनात मोजलं असावं. "एवढे दिवस?"

"ती म्हणायची, दिवसभर बाजारात उभं राहून होतं. मिठाच्या पाण्यात पाय घालून बसायची. सकाळी उतरायचे. मला वाटलं, असेल तसंच." जारामेन थांबला. आणखी एक गोष्ट होती. माझ्या भावाला काही कळवायचं नाही, तो उगाच जमिनीचं उकरून काढेल, असं तिने त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. ते त्याने सांगितलं नाही. मेलेल्या बायकोच्या आड लपायचं, हे त्याला बरं वाटेना.

तुआहमान उठला आणि पुन्हा लाकडं फोडायला लागला. फोडण्याजोगी लाकडं संपली होती, तरी तो फोडलेलीच आणखी बारीक करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फट वाढलेली दिसली. फार नाही. आधी जिथे नखही जात नव्हतं, तिथे आता पान्याची पात शिरत होती. जारामेनने खात्री करायला खडूने खूण केली, ज्योत फिरवली, पाचर टिचकवली. खूण सरकली. सिलिंडर हलत होता.  त्याला एकाएकी सगळं दिसलं: भिंत घासून घेतलेली, एखाद्या ट्रकचा पिस्टन लेथवर कातून बारीक करून बसवलेला, पहाटे किक मारल्यावर येणारा तो सावकाश, जाड आवाज. पेटीत कुणी बसणार नव्हतं, हेही त्याला दिसलं. पण तेवढ्यापुरतं ते त्याने बाजूला सारलं.

त्याच दिवशी त्याला चर्चच्या पंचांकडे जायचं होतं. थडग्यावर काय लिहायचं, ते ठरवायचं होतं. निघताना त्याने तुआहमानला सांगितलं, "आता फक्त तेल ओतत राहा, मेहुणे. दुसरं काही करू नका. उद्यापर्यंत येईल तो आपोआप."

तुआहमानने मान हलवली.

पंचांच्या घरी फार वेळ लागला. त्यांना नुर्मेदाचं नाव माहेरच्या कुळासकट लिहायचं होतं. तारखेखाली कुठलं वचन टाकायचं यावर दोघा म्हाताऱ्यांचं जमत नव्हतं. जारामेन हो हो म्हणत बसला. त्याचं लक्ष त्या फटीत होतं.

परत येताना गल्लीच्या तोंडाशीच त्याला आवाज ऐकू आला. लोखंडावर लोखंड, जड, सगळा जीव लावून घातलेला घाव. मग आणखी एक. जारामेनने चालणं वाढवलं, मग तो पळायला लागला. या वयात पळताना चप्पल निघून गेली, ती त्याने उचलली नाही. पुढचा घाव पडला तेव्हा आवाज बदलला होता. खणखणीत नाही, बसका, मातीचं भांडं तडकल्यासारखा. त्यानंतर घाव पडला नाही.

तुआहमान गाडीसमोर जमिनीवर बसला होता. शेजाऱ्याकडून आणलेला घण बाजूला पडलेला. सिलिंडरच्या तोंडात पाइपाचा एक जाड तुकडा उभा होता, तोच त्याने पिस्टनवर ठेवून ठोकला होता. त्याचा सदरा घामाने चिकटला होता आणि तळहाताची साल गेली होती.

जारामेनने पाइप काढला. वाकून पाहिलं. पिस्टन आहे तिथेच होता. मग त्याने खालच्या बाजूला फडकं फिरवलं, जिथे दांड्याचा सगळा भार बेअरिंगच्या खोबणीवर येतो तिथे, आणि बोट थांबलं. खोबणीपासून निघालेली चीर बुडाच्या बोल्टापर्यंत गेली होती. तिच्यातून जुनं तेल हळूच पाझरायला लागलं होतं. आत उघडं पडलेलं ॲल्युमिनियम नव्या भांड्यासारखं चकाकत होतं.

जारामेनच्या कानात घण वाजत होता.

"मला फक्त काहीतरी हलायला हवं होतं," तुआहमान म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "मी इथे येऊन बसलोय, नुसता तेल ओततोय. ती तिकडे महिनोन् महिने पडून होती तेव्हाही मी हारांगाओलला नुसता कांदे काढत बसलो होतो. कुणी मला सांगितलं नाही. काही करायची वेळच कुणी दिली नाही मला." मग थोडं थांबून, "ते फुटलं का?"

 या माणसाने आयुष्यभर चारचौघांत जारामेनला हिणवलं होतं, आणि आज बहिणीची एवढी एकच वस्तू राहिली होती तीही संपवली होती. घण हाताशीच होता. जारामेनने तो उचलला, भिंतीशी नेऊन ठेवला, आणि परत येऊन चिरेवर फडकं झाकलं.

"हे आधीचंच आहे," तो म्हणाला. "जुनी चीर आहे. मला माहीत होती. मी म्हटलं, बघू निघतंय का. नसतंच चाललं हे इंजिन, मेहुणे. तुमच्याने काही झालं नाही."

तुआहमानने त्याच्याकडे पाहिलं, मग त्या फडक्याकडे. 

"उठा," जारामेन म्हणाला. "हाताला हळद लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जारामेन उगाचच गाडीपाशी गेला. रात्रभर तेल मुरलं होतं. त्याने सिलिंडरला दोन्ही हातांनी धरून किंचित फिरवलं आणि वर उचललं, तसा तो अलगद वर आला, जणू कधी अडकलाच नव्हता. पिस्टन दांड्यावर तसाच राहिला, रिंगा गंजून चिकटलेल्या, पण धड. जारामेन सिलिंडर पोटाशी धरून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने तो पाटावर ठेवला आणि घरात जाऊन पांघरूण घेऊन पडला. तुआहमानला त्याने उठवलं नाही.

वेल्डिंगवाल्याने चीर बघून मान हलवली. भरता येईल, म्हणाला, पण बेअरिंगची जागा आहे, पहिल्या चढाला पुन्हा उघडेल. तसलं दुसरं बूड गावात कुणाकडे सुटं नव्हतं. ज्यांच्याकडे होतं, ते त्यांच्या गाडीखाली होतं.

तुआहमान त्या आठवड्यात परत गेला. जाताना त्याने घर नीट झाडलं, फोडलेली लाकडं रचली आणि बसथांब्यापर्यंत दोघं बरोबर चालत गेले.

सिहोल आणि बाकीचे बेचाकवाले आले तेव्हा जारामेनने त्यांना जे हवं ते नेऊ दिलं. कुणी हेड नेलं, कुणी मॅग्नेटो, कुणी गिअरपेटी. सिहोलने सिलिंडर नेला, या वेळी थट्टा न करता. पेटी एकाने कोंबड्या ठेवायला मागितली. जारामेनने तीही दिली. शेवटी झाडाखाली ठोकळे राहिले आणि तेलाने काळी झालेली माती.

काम मिळेना. साठीच्या माणसाला कोण ठेवणार? पावसाळ्याच्या तोंडावर तुआहमानचा निरोप आला, कांदा काढायला माणसं कमी पडताहेत, याल का. येणं बंधनकारक नाही, असंही त्याने सांगून पाठवलं होतं. जारामेन गेला. त्याला नुर्मेदाच्या लहानपणीच्या खोलीत झोपायला दिलं. खिडकीतून तळं दिसायचं. तिथे तिची आठवण जास्त यायची की कमी, हे त्याला सांगता आलं नसतं. कधी कधी तो मध्येच उठून बसायचा आणि आपण कुठे आहोत हेच त्याला थोडा वेळ कळायचं नाही.

कांद्याच्या जुड्या बांधताना दोघं समोरासमोर बसायचे. बोलणं फारसं होत नसे. एका दुपारी पाऊस येणार म्हणून सगळ्यांची घाई चालली असताना तुआहमान हातातली जुडी तशीच धरून म्हणाला, "दाजी, जुनी चीर काळी असते. ती चकाकत होती."

जारामेनने मान वर केली नाही. हातातल्या सुंभाला त्याने गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली. समोर तुआहमान तसाच बसून होता, वाट बघत.

"आधी हे झाकून घेऊ," जारामेन म्हणाला. "भिजलं तर सगळं सडेल."

मग दोघं उठले आणि ताडपत्रीची दोन टोकं धरून वाऱ्याशी झटत राहिले.